गाडी खालून बघावी

डोंगरात गाडी घालायची हौस आणि ती पुरवायची ऐपत एकाच माणसाकडे असली, की गाडी पाच वर्षांत खिळखिळी होते. हौस तेवढीच आणि ऐपत बेताची असेल, तर तीच गाडी चाळीस वर्षं चालते. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. आमच्या सासुरवाडीला, कराडच्या पश्चिमेला, तो दारात उभा असतो. एका बाजूला मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, ऐंशीच्या दशकातली महिंद्रा एमएम 540. दुसऱ्या बाजूला माझ्या मेहुण्याची सणासुदीला पुण्याहून येणारी नवीकोरी फोर-बाय-फोर. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

मेहुण्याच्या गाडीला पुढे विंच आहे, टपावर कॅरिअर आहे आणि कॅरिअरवर लाल दांड्याचं फावडं आहे. ते फावडं आजवर एकदाच खाली उतरलं, मामींना अळूचा वाफा करायचा होता तेव्हा. दिवे तर इतके, की रात्री गाडी गल्लीत वळली की समोरच्या आजी उजाडलं समजून अंगणात सडा टाकायला उठतात. मामांच्या जीपला दिवे दोनच. त्यातला एक जरा वर बघतो. झाडावरची वटवाघळं मात्र स्पष्ट दिसतात.

खरं तर जीप ही टिकण्यासाठी जन्मलेली वस्तूच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. लढाई संपेपर्यंत चालली तरी पुष्कळ, असा एकंदर हिशेब. 1947 साली महिंद्रांनी मुंबईत सुट्या भागांतून पहिल्या 75 जीपा जोडल्या आणि हा हिशेब बिघडला. आपल्याकडे आलेली वस्तू संपत नाही. ती धाकट्या भावाला जाते, तिथून गावाकडे जाते, आणि साताऱ्याकडे असेल तर शेवटी वडापला लागते. नऊ माणसांच्या जागेत सतरा माणसं, दोन करडं आणि एक गॅसची टाकी घेऊन घाट चढणारी वडापची जीप ज्यानं पाहिली आहे, त्यानं टिकाऊपणावर व्याख्यानं ऐकू नयेत. ड्रायव्हरचा अर्धा देह दाराबाहेर असतो आणि उरलेल्या अर्ध्यात तो गिअर टाकतो. पण रात्री शेवटची फेरी झाली की हाच गडी गाडीखाली जाऊन पाट्यांचे बोल्ट आवळताना दिसतो. गाडी बंद पडली तर उद्याची भाकरी बंद, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मामांचं पोट जीपवर नव्हतं. साखर कारखान्यात ते शेतकी अधिकारी होते. उसाच्या नोंदी घेत चिखलातून फिरायचे. पण त्यांची नजर वडापवाल्याची. गाडी उभी असताना जगातले सगळे लोक तिच्याभोवती फिरतात, मामा तिच्याखाली जातात. लग्नाची बोलणी करायला माझे वडील गेले, तेव्हा त्यांना मामांचे फक्त पाय दिसले. ‘‘बारा-तेराचा पाना द्या जरा,’’ हे व्याह्यांशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य. वडिलांनी दहा-अकराचा दिला. तरी लग्न झालं.

गाडीखालचं त्यांचं मुख्य काम म्हणजे ग्रीसिंग. हे काम ते इतक्या सावकाश करतात, की मामी तेवढ्यात वांगी चिरून, परतून, भाजीला उकळी आणून मोकळ्या होतात. आधी प्रत्येक निप्पल फडक्यानं पुसायचं. न पुसता गन लावली तर ग्रीसच्या पुढे माती आत जाते आणि बुश घासत बसते. मग गनचा दांडा हळूहळू दाबायचा. शॅकलच्या फटीतून आधी काळं, मातकट, दोन बोटांत करकरणारं जुनं ग्रीस बाहेर येतं. इथे बहुतेक लोक समाधानानं उठतात. मामा दाबत राहतात. काळं संपून स्वच्छ, नव्या रंगाचं ग्रीस डोकावलं, की ते म्हणतात, ‘‘आला पाहुणा.’’ जावयालाही आमच्याकडे पाहुणाच म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला मी दर वेळी पुढे व्हायचो. पाट्यांचे बुश, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, स्टिअरिंगचे सांधे, असं करत पुढून मागे जायचं आणि ओढ्यापाण्यातून आल्यावर तर त्याच दिवशी जायचं. मामांचं म्हणणं असं, की डोंगरात गाडीला जेवढं होतं त्याहून जास्त डोंगरातून आल्यावर होतं. चिखल अंगावर घेऊन ती रात्रभर उभी राहते आणि मालक फोटो बघत झोपतो.

मेहुणाही गाडी धुतो. म्हणजे धुऊन घेतो. वरून ती इतकी चकाकते, की तिच्यात बघून भांग पाडता यावा. पण चेसिसच्या बगलेत, मडफ्लॅपच्या मागे, पाट्यांच्या बेचक्यात गेल्या पावसाळ्यातला तांबडा चिखल तसाच. आमच्या मेस्त्रींनी तिथे स्क्रू-ड्रायव्हर घातला तर आतून बाजरीचा एक कोंब निघाला. ‘‘दादा, सातबाऱ्यावर नोंद करून घ्या,’’ मेस्त्री म्हणाले. वाळलेला चिखल निरुपद्रवी दिसतो, पण तो पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या आडोशानं पत्रा गंजत जातो. त्याच चिखलावरून अंडरकोटिंग मारून घेणारेही महाभाग आहेत. ते गंजाला बाहेरून कडी लावून देतात. उलट जोरदार पाण्याचा फवारा थेट ऑइल सीलवर आणि बेअरिंगवर धरला, तर आतलं ग्रीस निघून पाणी त्याच्या जागी जाऊन बसतं. म्हणजे धुवायचंही अकलेनं. मामा साधी नळी घेतात, पाटावर बसतात आणि गाडीच्या पोटाखालून पाणी स्वच्छ येईपर्यंत उठत नाहीत.

आता मेहुण्याच्या ओढ्याबद्दल. गेल्या पावसाळ्यात शेताच्या वाटेवरचा ओढा त्यानं गाडीनं पार केला. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी. पण गाडीला स्नॉर्केल होता. इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून बोनेटच्या कडेनं छपरापर्यंत नेलेलं ते नळकांडं. इंजिनात थेंबभरसुद्धा पाणी गेलं नाही. शूटिंग उत्तम झालं. पाणी कमी उडालं म्हणून त्यानं ओढा परत एकदा पार केला. काही आठवड्यांनी मागच्या चाकांकडून हूं हूं असा आवाज यायला लागला. मेहुण्यानं त्यावर गाण्याचा आवाज वाढवला. तो उपाय पुरेना, तेव्हा गाडी कराडला मेस्त्रींच्या खड्ड्यावर आली.

मेस्त्रींनी विंचकडे बघितलं नाही, दिव्यांकडे बघितलं नाही. खड्ड्यात उतरून त्यांनी डिफरन्शियलचा वरचा, तेल भरायचा बोल्ट आधी सैल करून पाहिला. वरचा अडकला असेल आणि खालचा आधी खोलला, तर तेल गेलं आणि भरायला वाट नाही, अशी गत होते. मग खालचा बोल्ट. गाडी रात्रभर उभी होती, त्यामुळे जड पाणी तळाला बसलेलं. आधी गढूळ पाण्याची धार लागली आणि तिच्या मागून दाट, दुधाळ, तपकिरी तेल.

‘‘तुम्ही पुण्याचं ना, दादा?’’ मेस्त्रींनी खालून विचारलं.

‘‘हो. का?’’

‘‘घ्या. अमृततुल्य.’’

मेहुणा म्हणाला, ‘‘अहो पण स्नॉर्केल होता!’’ त्यावर मेस्त्रींनी जे सांगितलं ते स्नॉर्केल विकणारा कुणी सांगत नाही. गाडी दोन तास पळून आली की डिफ तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो गार पाण्यात बुडला की हवा आकसते आणि डिफ बाहेरून मिळेल ते आत ओढतो. त्याच्यासाठी एक ब्रीदर असतो. त्याची रबरी नळी वर, पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन बांधली तर तो हवा ओढतो, नाहीतर ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेनं पाणी ओढतो. नळीची किंमत स्नॉर्केलच्या मानानं काहीच नाही. तेवढ्यासाठी बेअरिंग गेली, क्राउन-पिनियनला चट्टे पडले, आणि मेस्त्रींनी बिलाचा कागद असा दुमडून दिला, की मेहुण्यानं तो उघडलाही दुकानाबाहेर जाऊन.

‘‘दाजी, बाबांना सांगू नका,’’ तो मला म्हणाला. मामा तेव्हा खड्ड्यातच उभे होते.

मोठ्या टायरांचीही तीच कथा. टायर मोठे आणि जड केले की गाडी रुबाबदार दिसते, आणि तो रुबाब बेअरिंग, बॉल जॉइंट आणि क्राउन-पिनियन पोसतात. उंची वाढवली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर वाजायला लागतात. शिवाय मेहुण्याला फोर-बाय-फोरचा लिव्हर टाकून डांबरी रस्त्यावर पळायची सवय आहे. पकड चांगली राहते म्हणे. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून हिशेब मिटवतात; कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा पीळ ट्रान्स्फर केसला बसतो. मामा नेमकं उलट करतात. जीप महिनाभर नुसती बाजाराला गेली असेल, तर ते तिला मुद्दाम नांगरटीत नेतात, लिव्हर टाकतात, दोन फेऱ्या मारतात आणि परत येतात. आतलं तेल फिरलं, लिव्हर आखडला नाही, काम झालं. गावात मात्र अशी समजूत आहे की मामा जीपनं नांगरतात.

मामांची एक डायरी आहे. कारखान्याची जुनी, उसाच्या जातींचे तक्ते असलेली. तिच्यात जीपचा सगळा इतिहास आहे: कुठलं तेल कधी बदललं, एअर फिल्टरचं भांडं कधी धुतलं, कुठल्या टायरवर कुठला आकडा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, हे मेहुण्याला याच डायरीवरून कळलं. एका पानावर लिहिलं आहे: ‘पुढच्या डिफचे तेल बदलले. क्लचची केबल नवी. मुलगी पास.’ ही मुलगी म्हणजे माझी बायको आणि ‘पास’ म्हणजे एम.एस्सी., पहिल्या वर्गात. ती अजून त्या पानावरून वडिलांशी भांडते. मामा म्हणतात, ‘‘लिहिलं की! केबलच्या खालीच लिहिलंय.’’

एप्रिल 2022 मध्ये पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी वाढवून घ्यायची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली. गाडी पुढे उभी करून तपासणी द्यायची, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षांची मुदत मिळते. फडक्यासाठी जुनी बनियन फाडणाऱ्या मामांनी हे पैसे हूं की चूं न करता भरले. ‘‘पाच वर्षं लिहून देतात, पाहुणं,’’ ते म्हणाले. ‘‘मला डॉक्टर सहा महिन्यांच्या वर देत नाही.’’

तेव्हा, जुनी जीप घ्यायचं मनात असेल तर एवढं करा. रंग बघू नका, दिवे तर बघूच नका. जुनी पँट घालून जा. सोबत छोटी हातोडी न्या, गाडीखाली झोपा आणि चेसिसवर पुढून मागे हलक्या हातानं ठोकत जा, पाट्यांच्या हँगरपाशी दोनदा. खणखणीत आवाज आला तर बोलणी करा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा डोळ्यात पडला, तर मालकाचा चहा घ्या आणि एस.टी.नं परत या. आणि बाहेर येताना मालकाला सहज विचारा, ग्रीसगन कुठे ठेवलीय? ‘कसली गन?’ असं तो म्हणाला, तर चहासुद्धा घेऊ नका.