चाकं लावलेली खोली

सरकारनं 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते बहुधा लालबाग-परळकडे न बघताच. नाहीतर धोरणाची गरजच काय होती? वीस बाय सात फुटांच्या खोक्यात चार माणसांनी राहायचं, तिथेच रांधायचं, जेवायला टेबल उघडायचं, झोपायला तेच मिटायचं आणि एकानं कूस बदलली की बाकीच्यांनी पाय आखडायचे, हे सगळं बीडीडी चाळींत शंभर वर्षं विनाअनुदान चाललंय. तिथली खोली 160 चौरस फुटांची; मोटरहोम भरतं 140. म्हणजे चाळकऱ्याला मौजमजा करायची तर आणखी वीस फुटांवर पाणी सोडावं लागतं. गिरणीच्या दिवसांत गावकीच्या एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस गडी पाळ्यांनी निजायचे. एक उठून कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच ऊबेत आडवा. जाहिरातीतली 'चार जणांची निद्राव्यवस्था' वाचून त्यांनी विचारलं असतं, बाकीची गाडी काय भाड्यानं दिलीय?

आमच्या मजल्यावरचे काका पुनर्विकासात 500 फुटांचं घर मिळेल म्हणून केव्हापासून डोळे लावून बसलेत. तर आयटीतल्या त्यांच्या चिरंजीवानं वाढदिवसाला त्यांना दिलं काय? मोटरहोमची सहल! भाड्याचा आकडा त्यानं काकांपासून लपवला आणि फक्त काकींना सांगितला, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो तळमजल्याच्या वाण्यालाही ठाऊक होता.

पहाटे गाडी गल्लीत शिरली ती बुचासारखी बसली. पुढे मंडळाच्या मंडपाचे बांबू, मागे दूधवाल्याचा टेम्पो. मग गल्लीत अशा वेळी होतं तेच झालं: ज्यांना गाडी चालवता येत नाही अशा सगळ्यांनी 'येऊ दे, येऊ दे' करत ड्रायव्हरला मार्गदर्शन केलं. तेवढ्यात बायका आतून बघून गेल्या. फ्रिज पसंत पडला, सोफा-कम-बेड पसंत पडला. खोळंबा झाला तो संडासाशी. काकींनी त्याचं दार उघडलं, वळून शेगडीकडे बघितलं आणि मधलं अंतर वितीनं मोजलं. चाळीत संडास चौथ्या खोलीपलीकडे, व्हरांड्याच्या टोकाला. रांग लागते, बादली न्यावी लागते, पण फोडणीत तो येत नाही! शिवाय याची टाकी भरल्यावर ती उपसायची कुणी, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि चिरंजीव गाडीचा कॅटलॉग चाळू लागले. काकींनी निकाल दिला. पाच किलो कांदे, लाडवांचा डबा, दोन चटया आणि गावच्या मंडळींसाठी घेतलेल्या साड्या त्या मोरीएवढ्या जागेत रचल्या गेल्या आणि दार बाहेरून सुतळीनं बांधलं. गाडीला पोटमाळा नव्हता, तो झाला.

पनवेल सुटलं आणि मोटरहोमचा खरा उपयोग कळला. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पट्टा रुंद करायला 2011 साली घेतला. त्या साली पहिलीत बसलेली पोरं कॉलेजात गेली. इतर वाहनांना या रस्त्यावर थांबायचा कंटाळा येतो. हे वाहन थांबण्यासाठीच बांधलेलं. कोलाडच्या पुढे काकींनी कुकर लावला. माणगाव यायच्या आत जेवणं झाली, भांडी झाली, काकांची वामकुक्षीही झाली, आणि शेजारच्या एसटीतल्या बाळंतिणीला खिडकीतून वरणभात गेला. कॅरव्हॅन पार्क उभारणाऱ्याला धोरणात सवलती आहेत म्हणतात. इतका लांबलचक पार्क उभारूनही महामार्गवाल्यांनी अजून अर्ज केलेला दिसत नाही. कोकणी माणूस संकोची, दुसरं काय.

मुक्काम कुडाळजवळच्या 'ग्रामीण अनुभव' देणाऱ्या कॅम्पसाइटवर होता. चुलीवरची भाकरी, विहिरीवरची आंघोळ, शेणानं सारवलेलं अंगण. प्रत्येकाचा दर वेगळा. यातलं काहीही फुकट नको म्हणून काकांच्या वडिलांनी मुंबई गाठली होती. काकांचं स्वतःचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. म्हातारी आते काठी टेकत आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "घर आसताना गाडयेत कित्याक निजतास?" उत्तर कुणालाच सुचेना. चिरंजीव म्हणाले, "आते, हा एक्सपीरियन्स आहे." आते म्हणाली, "बरा हा मां?" तिला तो आजार वाटला.

रात्री पावती फाडायला कॅम्पसाइटचा मालक आला, तो निघाला काकांचा चुलतभाऊ. ज्या तुकड्यावर गाडी उभी होती त्याच तुकड्यावरून दोघांचा दावा चाललाय. चुलतभावानं हसतमुखानं पैसे घेतले, जागाभाड्याची पावती दिली आणि नोंदवहीत काकांची सही घेतली. काकांनी केली, परदेशी पद्धत असेल म्हणून. मुंबईला परतल्यावर वकिलानं ती पावती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "स्वतःच्या जमिनीचं भाडं भरलंत? आता ती तुमची आहे असं मी कोर्टात कुठल्या तोंडानं सांगू?"

पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. जायचं कशानं, यावर घरात अजून एकमत नाही.