वाईट रस्त्याच्या शोधात

वाईट रस्ता शोधायला पुण्याबाहेर जावं लागतं असं म्हटलं, तर पुणेकर अंगावर धावून येतील. पण खड्डा वेगळा आणि वाट वेगळी. खड्डा चुकवायचा असतो. जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली सायकल ज्यांनी हप्त्यावर घेतली आहे, त्यांना चुकवता न येणारं काहीतरी लागतं. दगड, घसारा, बोरी-बाभळी आणि जेमतेम एक चाक मावेल एवढी रुंदी. असं काही सापडलं की ही मंडळी खूश होऊन त्याला ‘चांगला ट्रेल’ म्हणतात.

माझा पुतण्या हिंजवडीत नोकरी करतो आणि रविवारी या शोधात असतो. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी, वाटाही झकास. पण पहाटेपासून ती चालणाऱ्यांची असते, आणि मागून सायकल आली की ते ज्या नजरेनं वळून बघतात, त्यापुढे घंटी वाजवायचं धाडस होत नाही. सिंहगडाच्या रस्त्यावर पिठलं-भाकरीला निघालेल्या मोटारींची रांग. कात्रज ते सिंहगड ही डोंगररांग मात्र अस्सल. फक्त तिथल्या चढांवर सायकलच माणसाच्या खांद्यावर बसून जाते. त्यापलीकडे एखादा निवांत माळ सापडलाच, तर पुढच्या खेपेला तिथे तारेचं कुंपण आणि ‘एनए प्लॉट’चा फलक उभा. मोठ्या शहराजवळची चांगली वाट ही लोकांना कळेपर्यंतच चांगली.

म्हणून यंदा दिवाळीला तो सायकल घेऊन गावी आला. आमचं ईट धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरांत. हा मुलूख खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्ध झाला तो या भागातल्या खव्याच्या जोरावर. सह्याद्रीसारखे कडे इथे नाहीत. वर माळ, कडेला पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा काळा खडक, मधे घळी आणि ओढे.

पुतण्याच्या मोबाइलवर एक नकाशा आहे. जगभरचे सायकलवाले जिथून गेले, तिथे त्यावर उजळ रेघा उमटतात. पुण्याच्या टेकड्या लखलखीत, ईट काळंकुट्ट. ‘काका, इथं एकही ट्रेल नाही,’ तो म्हणाला. मी त्याला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा दाखवला. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि गाडीवाट, पायवाट असं सगळं वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेलं. तुटक रेघांनी भरलेला आमचा मुलूख त्यावर टाके घातलेल्या गोधडीसारखा दिसतो.

पण नकाशाला पाऊस कळत नाही. माळावरचा मुरूम पाऊस थांबला की तासाभरात चालण्याजोगा होतो. खालच्या काळ्या रानात उतरलात, तर चाकानं दहा-बारा गिरक्या घेईपर्यंत टायर आणि फ्रेमच्या मधे चिखलाचा गोळा बसतो, चाक जाम होतं, आणि काटकीनं ते खरवडत बांधावर बसावं लागतं. शिवाय समतल चर. पाणलोटाच्या कामात उतारावर आडवे खणलेले हे चर पाणी मुरवायला उत्तम. पण गवत वाढलं की दिसत नाहीत, आणि पुढचं चाक आत गेलं की सायकल थांबते, बसणारा थांबत नाही.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस म्हशी राखत माळावर उभा होता. पुतण्यानं त्याला वाट विचारली. तो म्हणाला, ‘गाभण म्हशीची वाट धरा. ती उभा चढ कधी घेत न्हाई.’ ट्रेल बांधणारे तज्ज्ञ हेच सांगतात. वाट उताराला आडवी न्यावी, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून न वाहता तिला ओलांडून जातं आणि वाट टिकते. म्हशीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

या खेळाचा जन्मही असाच दुसऱ्याच कामाच्या वाटेवर झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन भागात काही तरुण जुन्यापुराण्या जडशीळ सायकली घेऊन, वणवा विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सुटायचे. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत लावली. पायडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक इतका तापे, की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. पुढे वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. आमच्याकडेही तसल्याच जड काळ्या सायकलींना दुधाचे कॅन अडकवून माणसं तसल्याच उतारांवरून भट्टीकडे यायची. फरक एवढाच, की दूध सांडलं तर हिशेबात घट येई. म्हणून शर्यत कुणी लावली नाही.

संध्याकाळी पुतण्या परतला, तेव्हा टायरला सराटे चिकटले होते. त्यानं एक उपटला तशी भोकातून पांढरी पिचकारी उडाली. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये एक द्रव भरलेला असतो. तो भोकाशी येऊन घट्ट होतो आणि पंक्चर आपोआप बुजतं. ओट्यावर बसलेले आमचे थोरले चुलते, तात्या, हे बघत होते.

‘दूध घातलंय का रं त्यात?’

‘नाही तात्या, औषध आहे पंक्चरचं.’

‘मंग बरं. हितं खव्याला दूध पुरंना.’

मग त्यांनी रस्ता कसा होता ते विचारलं. पुतण्या रंगात आला. येताना तो एका पाणंदीनं आला होता. दगड, पाण्यानं पडलेल्या घळ्या, दोन्हीकडून बाभळी. ‘एक नंबर रस्ता, तात्या! पुण्यात शोधून सापडणार नाही असला.’

तात्यांचा चेहरा उतरला. त्याच पाणंदीनं पावसाळ्यात दुधाची गाडी येत नाही, आजारी माणूस बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणावा लागतो. पुतण्याला तिथून बाहेर पडल्यावर पुण्याचा रस्ता होता. तात्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाणंद होती. शेत-पाणंद रस्त्यांसाठी सरकारनं २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं योजना काढली, तेव्हापासून ते कागद घेऊन फिरतायत.

‘ह्ये बाहेर कुठं बोलू नको,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘खडीकरणाचा अर्ज दिलेला हाय. पुण्याची माणसं मुद्दाम हितं यायलीत म्हणून कळलं, तर सायेब म्हणतील, चांगलाच हाय की रस्ता!’

तेव्हा त्या पाणंदीचं नाव मी इथे देत नाही. कुणी वाचक चुकून तिथे गेलाच आणि त्याला मजा आली, तर गावात विचारल्यावर तोंड वाकडं करून रस्ता फार भिकार आहे असंच सांगावं. माळावरच्या वाटांचं मात्र तोंडभर कौतुक करायला हरकत नाही. म्हशींनी अजून कुठे अर्ज दिलेला नाही.