हातमोज्यांचे समाजशास्त्र

भरतीने किनाऱ्यावर आणून टाकलेला कचरा सुटीच्या सकाळी नागरिकांनी स्वहस्ते पोत्यांत भरावा, पोत्यांसह छायाचित्र काढून घ्यावे आणि पोती तेथेच ठेवून नाश्त्यास जावे, या सार्वजनिक विधीला स्वयंसेवी किनारा स्वच्छता मोहीम असे म्हणतात. मुंबईत या विधीला विशेष बहर येतो तो सप्टेंबरमधील तिसऱ्या शनिवारी, म्हणजे आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी. आणि हा दिवस बहुधा गणेशविसर्जनाच्या आगेमागेच येत असल्यामुळे कच्च्या मालाची चणचण आयोजकांना सहसा भासत नाही.

या दिवसाचे मूळ १९८६ साली अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर झालेल्या सफाईत आहे. कोणती वस्तू किती संख्येने सापडली याची नोंद तेथील स्वयंसेवक एका तक्त्यावर करीत, कारण कचरा कोठून येतो हे कळल्याखेरीज तो थांबवता येणार नाही, अशी त्यामागची काहीशी भाबडी समजूत होती. मोजण्याची ही परंपरा आपल्याकडील अनेक मोहिमांनी निष्ठेने जपली आहे. फरक इतकाच की येथे वस्तूंऐवजी उपस्थितांची संख्या मोजली जाते.

विधीच्या पूर्वांगातील सर्वांत नाजूक क्रिया म्हणजे ‘पेरणी’. पालिकेच्या सफाई कामगारांनी पहाटेच झाडून ठेवलेल्या जागेवर प्रमुख पाहुण्यांच्या झाडूला शोभेल असा कोरडा, निर्गंध आणि शक्यतो एकाच रंगाचा पालापाचोळा पसरणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. खरा कचरा ओला असतो, त्याला वास येतो आणि तो वाळूत रुतलेला असल्याने वाकावे लागते, तर छायाचित्रात मान ताठ हवी. त्यामुळे पेरणीला पर्याय नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यापासून लांब दांड्याच्या झाडूला जी सामाजिक प्रतिष्ठा लाभली, तिचेही कारण हेच असावे. पुढे १ ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी दहा वाजता देशभर एक तास श्रमदान करण्याचे आवाहन झाले. उरलेल्या तेवीस तासांत काय करावे, हे ज्याच्या त्याच्या संस्कारांवर सोपवण्यात आले.

मोहीम कचरा केवळ उचलते असे मानणे अभ्यासकाला परवडणारे नाही, कारण ती तो निर्माणही करते. प्रवेशद्वारावरील फ्लेक्स, पाण्याच्या लहान बाटल्या, एकदाच वापरायचे हातमोजे, आतून प्लॅस्टिकचा थर असलेले चहाचे कागदी पेले आणि प्रायोजकाचे बोधचिन्ह छापलेले, पुन्हा सहसा कोणी घालत नाही असे टी-शर्ट हे सर्व मोहिमेचे साहित्य होय. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी लागू झाली ती २०१८ साली. परंतु प्लॅस्टिकविरोधी घोषणा फ्लेक्सवर जितकी उठून दिसते तितकी खडूने फळ्यावर दिसत नाही, ही आयोजकांची अडचणही समजून घेतली पाहिजे.

यानंतर पोत्याचा प्रश्न उरतो, आणि येथे बहुतेक अहवाल एकदम मितभाषी होतात. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा मुळातच वेगळा ठेवण्याचे बंधन घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनीच घातले होते. मोहिमेच्या पोत्यात मात्र निर्माल्य, चपला, औषधांच्या पट्ट्या आणि वेफर्सची पाकिटे सर्वधर्मसमभावाने एकत्र नांदतात. त्यातील पाकिटे म्हणजे बहुस्तरीय वेष्टन, म्हणजे प्लॅस्टिक व अॅल्युमिनियमचे थर एकमेकांवर असे चिकटवलेले की ते वेगळे करणे महाग पडते, म्हणून भंगारवाला त्यांना हातही लावीत नाही. त्यात वाळू आणि खारट पाणी मिसळले की विकण्याजोग्या बाटलीचाही भाव पडतो. परिणामी, ज्या मालाची वर्गवारी करून पोट भरणे कचरावेचक बाईला जमले असते, तो माल नागरिकांच्या उत्साहामुळे थेट कचराभूमीकडे रवाना होतो. मुंबईपुरते बोलायचे तर कांजूरमार्गला किंवा देवनारला, जेथे १९२७ पासून हे शहर आपला भूतकाळ साठवीत आले आहे. पुण्यात अशा वेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली, पण त्यांच्या रोजच्या कामाला मोहीम म्हणण्याची पद्धत नाही. त्याला प्रमुख पाहुणे नसतात.

समुद्राचे वर्तनही मोहिमेच्या दृष्टीने असहकाराचे आहे. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, आणि नाल्यांतून व खाड्यांतून गेलेला शहराचा ऐवज भरती दर खेपेस इमानाने परत करते; म्हणजे सकाळच्या छायाचित्रातील स्वच्छ किनारा रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला तरी आयोजकांनी समाधान मानावे.

या सर्व मांडणीला वर्सोव्याचा किनारा अपवाद ठरतो, आणि अपवाद म्हणूनच तो शास्त्राला गैरसोयीचा आहे. तेथे ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सुरू केलेली सफाई एका शनिवारी न आटोपता आठवड्यामागून आठवडे चालत राहिली, आणि २०१८ मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले दिसली. गाडगेबाबाही गावात शिरताच खराटा हाती घेत आणि कीर्तनाला नंतर उभे राहत. भाषण आधी व झाडू नंतर हा क्रम त्यांना ठाऊक नव्हता, तरीही मोहिमांच्या फलकांवर त्यांचे चित्र असते.

तेव्हा येत्या सप्टेंबरातील आयोजकांना एवढीच विनंती करता येईल की, निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या नावाखाली थोडी जागा सोडावी आणि भरलेली पोती ज्या वर्गीकरण केंद्रात जाणार आहेत त्याचा पत्ता तेथे छापावा; आणि तो छापता येत नसेल, तर निदान पहाटे किनारा झाडणाऱ्या कामगारांना त्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी.