लायसन्स नसलेलं हसू

रेडिओ स्वतः कधी हसत नसे. हल्ली टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात विनोद संपायच्या आत मागून हशा सोडतात. तो आपल्या वतीनं हसून घेतो आणि आपण निवांत पोहे खातो. आकाशवाणीच्या श्रुतिकेत ही सोय नव्हती. पात्र बोलायचं, क्षणभर थांबायचं, आणि त्या मोकळ्या जागेत हसण्याची जबाबदारी श्रोत्यावर पडायची. गिरगावातल्या आमच्या चाळीनं ही जबाबदारी फारच मनावर घेतली होती.

आमचा रेडिओ व्हॉल्व्हचा. भिंतीतल्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीशेजारी बसवलेला. अंगावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली, तिच्यावर टॉवेल वाळत घालायला सक्त मनाई. बटण दाबल्याबरोबर बोलणं त्याच्या प्रतिष्ठेला शोभत नसल्यामुळे अप्पा त्याला पाच मिनिटं आधी तापत ठेवायचे. मग हिरवा डोळा उघडायचा, खरखर व्हायची, अप्पा एका बाजूनं थाप मारायचे आणि मुंबई 'ब' केंद्र शुद्धीवर यायचं. थाप मारण्याचा अधिकार फक्त अप्पांना होता. आम्हा भावंडांवर ते कधी हात उगारत नसत. वर्षाचा सगळा कोटा रेडिओवरच संपायचा.

चाळ सर्वांत जास्त हसली ती 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेला. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी, एवढाच संसार. महागाई, रॉकेलची रांग, पाहुणे, पगार, असं जे आमच्या घरात चालू असायचं तेच तिकडेही चालू असायचं. फरक एवढाच की तिकडचं भांडण वेळेवर मिटायचं. मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भाऊजी म्हणजे बाळ कुडतरकर, हे अप्पांनी आजीला अनेकदा सांगून पाहिलं. आजी म्हणे, "असतील. पण भाऊजींनी त्यांच्या संसारात इतकं नाक खुपसू नये." ती थेट रेडिओशी बोलायची. पंतांनी भाजीला नावं ठेवली की इकडून आवाज यायचा, "मीना, उद्या त्यांनाच कर म्हणावं." पुढचं वाक्य मीनावहिनी साधारण त्याच अर्थाचं बोलायच्या. आजी आमच्याकडे बघून मान हलवायची. आपला निरोप पोचतो याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कुडतरकरांचा आवाज थिएटरातल्या समाचारचित्रांनाही असायचा. आजीला मोठ्या कौतुकानं सिनेमाला नेलं, तर सुरुवातीलाच पडद्यावर कुठला तरी महापूर आणि त्यावर तो ओळखीचा आवाज. आजी अंधारात मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, भाऊजी कशाला गेले तिकडे?" पुढचे सगळे मागे वळले. पुराच्या चित्रावर हसलेलं ते एकमेव थिएटर असावं.

त्या काळी रेडिओला लायसन्स लागे. दर वर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. अप्पा ते पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवत, म्हणजे आग लागली तर दोन्ही एकदम वाचवता येतील. तळमजल्यावरच्या काकांचा मात्र या प्रकारावर विश्वास नव्हता. "हवेतून येतंय, त्याचे कसले पैसे?" हा त्यांचा युक्तिवाद. म्हणून त्यांचा रेडिओ गोधड्यांच्या कपाटात असायचा. दार लोटून, आवाज बारीक करून सगळं घर कपाटाला कान लावून बसायचं. आवाज बाहेर येत नसे, पण काकांचं हसू गडगडाटी. सबंध चाळीला ऐकू जाणारं बिनलायसन्सचं हसू ते.

आणि एका संध्याकाळी चौकशीला माणूस आला. काकांनी दारातच सांगितलं, "रेडिओ? आमच्याकडे? छे हो!" तो वही घेऊन वर आमच्याकडे आला. नेमका 'पुन्हा प्रपंच' चालू होता. त्यानं पुस्तक बघितलं, शिक्का बघितला आणि दाराशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. आईनं चहा दिला. तेवढ्यात काकाही जिन्यात येऊन उभे राहिले. घरात रेडिओ नाही म्हटल्यावर ऐकायचा कुठे? भाग संपला. कप खाली ठेवत तो माणूस म्हणाला, "मागचा भाग हुकला हो आमचा. पाहुण्यांचं काय झालं पुढे?" काकांना राहवलं नाही. पंत, वहिनी, भाऊजी असे तिन्ही आवाज काढून त्यांनी अख्खा मागचा भाग जिन्यात करून दाखवला, मधल्या संगीतासकट. वरच्या मजल्यावरून लोक उतरून आले. तो माणूस पोट धरून हसला, डोळे पुसले, वही बगलेत मारली आणि निघताना शांतपणे म्हणाला, "या महिन्यात जमेल तेव्हा पोस्टात येऊन जा." काका दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. रेडिओ कपाटातून बाहेर आला. काकांचं हसू मात्र नंतर थोडं बारीक झालं, असं आई म्हणायची. फुकटाची चव निराळी.

आकाशवाणी पडली सरकारी. कुठल्या मालाचं नाव घ्यायची सोय नव्हती. त्यामुळे श्रुतिकेतली माणसं नुसताच चहा पीत आणि नुसत्याच साबणानं धूत. 1967 साली 1 नोव्हेंबरला विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा आजीला पहिल्यांदा कळलं की साबणांची नावंसुद्धा गाऊन दाखवता येतात. सरकारचा स्वतःचा माल मात्र आधीपासूनच खपवला जाई. अल्पबचत, लसीकरण, कुटुंबनियोजन. दोन किंवा तीन मुलं पुरेत, असं निवेदक गोड आवाजात सांगू लागला की आमच्या समोरच्या, सात मुलांच्या बिऱ्हाडात एकदम भांडी आपटायला लागायची. ती सातही मुलं तेव्हा आमच्या घरात बसून तेच ऐकत असायची.

बुधवारची रात्र रेडिओ सिलोनची. केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. 1952 साली सिलोननं बिनाका गीतमाला सुरू करून त्याचं सोनं केलं. आठ वाजले की निवेदक अमीन सयानी. ते बहिणींना आधी आणि भावांना नंतर साद घालायचे. चाळीतल्या बायका त्यांच्यावर खूष होत्या, त्यात या क्रमाचा वाटा मोठा. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा. नेमकं सरताज गीत जाहीर व्हायच्या वेळी तो हिंदी महासागरात बुडायचा. मग गॅलरीतून हाका सुरू: "अहो, पहिलं कुठलं आलं?" ज्या घरात ऐकू आलेलं असे, ते घर आठवडाभर भाव खाई.

आम्ही मुलांनी श्रुतिका करून पाहिल्या त्या स्वयंपाकघरात. दारात चादर लावायची. प्रेक्षक बाहेरच्या खोलीत. आवाज ऐकू आला पाहिजे, तोंड दिसता कामा नये, एवढा एकच नियम. करवंट्या आपटल्या की घोडा, चुरमुऱ्यांचा कागद चुरगाळला की वणवा, सुपात तांदूळ घोळले की पाऊस. एकदा पाऊस जोरात पाहिजे होता. रेशनचे सगळे तांदूळ जमिनीवर सांडले आणि त्यानंतर चादरीमागून आलेला आईचा आवाज आमच्या कुठल्याही श्रुतिकेतला सर्वांत परिणामकारक आवाज ठरला. टाळ्या त्यालाच पडल्या.

चेहरे नसल्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाची मीनावहिनी वेगळी होती. आजीची ठेंगणी, नऊवारीतली, कपाळावर ठसठशीत कुंकू. आईची सडपातळ आणि नोकरी करणारी. काकूंची मीनावहिनी काकूंसारखीच दिसायची, फक्त नवरा बरा. कुठल्याशा मासिकात नीलम प्रभूंचा फोटो आला तेव्हा अप्पांनी तो आजीला दाखवला. आजीनं चष्मा लावला, फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत केला. "चांगली आहे मुलगी," ती म्हणाली, "पण मीना नव्हे." 1972 च्या 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे चाळीत पहिला टीव्ही आला आणि सगळ्यांना एकच एक चेहरा दिसायला लागला. पाठमोरं बसून हसणं संपलं. भाकरी थापत, धुणं वाळत घालत, कणीक मळत हसता येईनासं झालं.

हे सगळं आठवताना डोळे पाणावून घ्यायचं कारण नाही. रटाळ भाषणं होती, शेतीमालाचे बाजारभाव होते. बायकोच्या स्वयंपाकावरचे आणि सासूवरचे कित्येक विनोद आज ऐकवले तर माझी सून रेडिओला थाप मारेल, आणि अप्पांपेक्षा जोरात. तरी एक गोष्ट खरी. तो विनोद अर्धाच यायचा. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या घरात तयार व्हायचा, आणि मला आठवतो तो बहुतेक हा दुसरा अर्धा.

तेव्हा एकच विनंती. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल, तर टेकाडे भाऊजी कोण होते, एवढं त्यांना विचारा. फक्त तासभर हाताशी ठेवून विचारा आणि गॅस बंद करून बसा.