सरकारी पाऊस ३० सप्टेंबरला संपतो

आपल्याकडे पाऊस दोन प्रकारचा. एक आभाळातून पडतो, दुसरा फायलीतून. फायलीतला पाऊस भलताच शिस्तीचा. १ जूनला हजर, ३० सप्टेंबरला कार्यमुक्त. हवामान खात्याचा हंगामी हिशेब या चार महिन्यांचा, मग बाकीच्यांनीही तोच धरलेला. पावसाळी नियंत्रण कक्ष, धबधब्यांवरचे बंदी आदेश, बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्याच्या वाटेवर उभा केलेला पोलीस, सगळे त्याच मापाचे. जुलैत कोंडेश्वरला जाणाऱ्या पोरांना हटकायला कलम होतं १४४, नव्या कायद्यात ते झालं १६३. कलमाचा आकडा बदलला, कुंड तेवढंच खोल राहिलं. पण निदान जुलैत कोणीतरी हटकतं. ऑक्टोबर उजाडला की बॅरिकेड रस्त्याच्या कडेला आडवं होतं आणि बदलापूर स्टेशनात रविवारी पहाटेच्या लोकलमधून पाठीवर सॅक घेतलेली फौज उतरते. ट्रेकिंगचा 'सीझन' सुरू!

आभाळातल्या पावसाला हे परिपत्रक कोणी दाखवलेलं नाही.

यातली खरी मजा पुढेच आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख खुद्द हवामान खात्याने ८ ऑक्टोबर ठरवलेली आहे. आधी ती २९ सप्टेंबर होती, २०२० साली पुढे नेली. वही मिटली ३० ला, पाऊस जाणार ८ ला. मधले आठ दिवस कोणाच्याच खाती नाहीत. तेही पाऊस वेळेवर गेला तर! २०२० सालीच तो देशातून पुरता निघेपर्यंत २८ ऑक्टोबर उजाडला होता. यायचीही तीच तऱ्हा. २०२५ साली २६ मे रोजीच तो मुंबईत दाखल झाला, तेव्हा अनेक ठिकाणी नालेसफाईचे फोटोसुद्धा काढून झाले नव्हते.

या बाबतीत पंचांग बरं. सप्टेंबरच्या शेवटी हस्त लागतं, मग चित्रा, मग स्वाती, आणि पावसाची नक्षत्रं नोव्हेंबर उजाडेपर्यंत चालतात. पाटावर हत्ती काढून भोवती भोंडला धरणाऱ्या बायकांना जे ठाऊक होतं, ते 'वीकेंड ट्रेक' काढणाऱ्यांना ठाऊक नसावं याचं नवल वाटतं. की ठाऊक असूनही आगाऊ घेतलेले पैसे परत करवत नाहीत? त्याकडे येतोच.

जुलैचा पाऊस उघड शत्रू आहे. सकाळपासून कोसळतो, डोंगर ढगात बुडतो, लोकल बंद पडते, आई दारात आडवी होते. माणूस घरीच बसतो. परतीच्या पावसाची रीत वेगळी. सकाळी आभाळ निळंशार, सोनकीची फुलं डुलताहेत, दहा वाजता ऑक्टोबर हीट अंग भाजून काढतेय आणि टोपी विसरलेला प्रत्येक जण चिडलाय. बाराच्या पुढे मलंगगडाच्या मागे एक पांढरा ढग फुगायला लागतो. सगळे त्याचा फोटो काढतात. दोनपर्यंत त्याचं बूड काळं होतं. तिनाला गडगडाट, आणि पाऊण तासात जुलैच्या अख्ख्या दिवसाचं पाणी. त्या वेळी आपली मंडळी कुठे असतात? चंदेरीच्या घळीत.

ज्यांनी चंदेरी केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बदलापूर ते वांगणी गाडीच्या खिडकीतून जो दात काढल्यासारखा सुळका दिसतो, तो चंदेरी. पायथ्याच्या चिंचोलीतून निघालं की वाट ओढ्याच्या काठाने जाते आणि शेवटी चंदेरी आणि म्हैसमाळ यांच्यामधल्या खिंडीकडे उभ्या घळीतून चढते. ही घळ कोणी वाट म्हणून बांधलेली नाही, ती पाण्याने स्वतःसाठी खोदलेली आहे. सुटे धोंडे, घसारा, दोन्ही बाजूंना कातळ. ऑक्टोबरात ती कोरडी असते, तेव्हा आपण तिला वाट म्हणतो. वर सुळक्यावर सर आली की तिला तिचं जुनं काम आठवतं. आधी काठावरून चार खडे सुटतात. मग बारीक धार येते, तिच्यात पालापाचोळा, काड्या. मग धारेला रंग येतो, तांबूस गढूळ. इथवर आलं की निवांत चर्चा करायला वेळ नसतो, घळ सोडून बाजूच्या उंच टेपावर चढायचं. पण त्याच क्षणी कोणीतरी मोबाइल काढून म्हणतो, "थांब थांब, वॉटरफॉल सुरू झाला, रील घेऊ!"

उल्हासनगरच्या बाजारात काय मिळत नाही? परदेशी नावाचं वॉटरप्रूफ जाकीट, खोलगट तळाचे बूट, सॅकवर चढवायचा पिवळा झगा, सगळं मिळतं आणि दोन ठिकाणी घासाघीस केली तर शहाण्या भावात मिळतं. जाकिटाने माणूस कोरडा राहील कदाचित. डोक्यावर येणाऱ्या धोंड्याला जाकिटाचा ब्रँड वाचता येत नाही.

आणि वीज. जुलैच्या मानाने ती परतीच्या पावसात फार. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने 'दामिनी' नावाचं अॅप काढलंय, आसपास कुठे वीज पडतेय ते फुकटात सांगतं. ते मोबाइलमध्ये असणाऱ्यांपेक्षा ट्रेकचा टी-शर्ट असणारे जास्त भेटतात. हवामान खात्याचा तात्काळ अंदाज पुढच्या तीन तासांपुरता असतो. चंदेरीच्या गुहेपर्यंत चढायला बेताच्या माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. पायथ्याशी वाचलेला अंदाज गुहेत शिळा होतो, आणि ताजा बघायला तिथे सिग्नल मिळेलच असं नाही. राहता राहिले ते रंग. 'यलो अलर्ट' या शब्दाची बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या तीन गावांत जी बेअब्रू झालीय ती बघवत नाही. "यलोच आहे रे," या सुरात लोक डोंगर चढतात, जणू सरकारने दहा टक्के सूट जाहीर केलीय.

मोठ्या पल्ल्याच्या मंडळींची तर वेगळीच जात. मलंगगडाकडून निघून चंदेरी, नाखिंड, पेब करत माथेरानला निघणारे, किंवा खांडसहून भीमाशंकर आणि पुढे दोन-तीन मुक्कामांत राजमाची गाठणारे. कसलेली माणसं असतात, त्यांच्या पायांवर माझा विश्वास आहे. त्यांच्या वेळापत्रकावर नाही. चार दिवसांची रजा, तिसऱ्या दिवशी कर्जतहून ठरलेली परतीची गाडी, आणि मध्ये लागणारे सगळे ओढे उतरलेलेच असणार हे गृहीत. नदीकाठच्या माणसाला विचारा, हे गृहीतक किती टिकतं ते.

उल्हास नदी राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरांत जन्मते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापुरात येते. घाटमाथ्यावर कोसळलं की काही तासांनी इथे पाणी चढतं, बदलापुरात टिपूस नसला तरी. बदलापूरच्या पुलाजवळ इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५० मीटर. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये चामटोलीजवळ पाण्यात उभी राहिली आणि हजाराच्या वर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. ते कोल्हापूरचं तिकीट काढून आसनावर बसलेले लोक होते, ओढा ओलांडायला निघालेले नव्हते. तो जुलै होता, मान्य. पण ऑक्टोबरात एक गोष्ट जुलैपेक्षा वाईट असते, ती कोणी बोलत नाही. बारवी धरण तोवर भरलेलं असतं. जूनमध्ये पडलेला पाऊस धरण गिळतं, जमीन पिते. ऑक्टोबरात धरणाचं पोट ७२.६० मीटरला तुडुंब, जमीन तृप्त, आणि बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की ते आपले आपण उघडतात. 'पुढे ट्रेकर उभे आहेत काय' हे बघायची सोय त्यांत नाही. मुळगावच्या खंडोबाचं दर्शन घेऊन नदीपात्रातल्या खडकांवर डबा उघडणाऱ्यांनी हे एवढं ध्यानात ठेवावं.

अर्थात नदीकाठी राहणाऱ्यांनी तरी काय ध्यानात ठेवलंय म्हणा! निळी पूररेषा, लाल पूररेषा हे बदलापुरात भूगोलापेक्षा राजकारणाचे विषय आहेत. रेषा जिकडे सरकवावी तिकडे इमारत उभी राहते. अंबरनाथात हजार वर्षांच्या घरात गेलेलं शिवमंदिर वालधुनीच्या काठीच आहे. ते शके ९८२ चं. त्या काळच्या बांधणाऱ्यांना पाणी कुठवर येतं याचा अंदाज असावा, कारण देऊळ अजून उभं आहे. त्याच वालधुनीला पुढे उल्हासनगरात आपण इतकं आवळलं की थोड्या पावसातही ती घरांत शिरते. असो. डोंगरातल्या पोरांना शहाणपण शिकवताना खालच्या थोरांनी घसा जपून वापरावा.

दिवाळीच्या सुट्टीत हीच मंडळी हिमालयात जातात. का, तर ऑक्टोबरात तिथे आभाळ स्वच्छ. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं. दोन दिवसांनी त्याचंच उरलंसुरलं बाष्प नेपाळात अन्नपूर्णाच्या परिसरात बर्फ होऊन कोसळलं आणि चाळीसहून अधिक माणसं गेली, त्यांत परदेशी ट्रेकर होते आणि नेपाळी वाटाडेही. बंगालच्या उपसागरातल्या वादळाचा तिथल्या थोरुंग खिंडीशी काय संबंध, असं कोणालाही वाटलं असतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये हिमाचलच्या बुरान खिंडीत अवेळी बर्फात अडकलेल्या तुकडीत महाराष्ट्रातले लोक होते. तिघं परतले नाहीत. महिना तोच, आवडता, 'सेफ'.

चिंचोलीसारख्या गावात या दिवसांत भात कापणीला आलेलं असतं. दुपारी ढग उठला की बांधावरचा माणूस खुशीत नसतो. उभं पीक आडवं होणार, आडवं झालेलं कुजणार, हे त्याला दिसतं. तो शेजारून जाणाऱ्या घोळक्याला सांगतोच, "पोरांनो, दोनच्या आत खाली उतरा, मग काय खरं नाही." पोरं हसून म्हणतात, "हो काका, लगेच येतो," आणि वर जातात. आठ वाजता बॅटऱ्या घेऊन त्यांना शोधायला जो निघतो, तो बहुतेक वेळा हाच काका असतो. स्वतःचं भात चिखलात सोडून. गिर्यारोहकांची बचाव पथकं नंतर पोचतात, तीही नोकरीवरून सुटलेल्या स्वयंसेवकांचीच. बातमीत छापून येतं, 'अडकलेल्या ट्रेकर्सची सुखरूप सुटका'. आडव्या झालेल्या भाताची बातमी दुसऱ्या पानावर, पंचनाम्याच्या आदेशासकट.

आता पैशांचं. ट्रेकच्या जाहिराती नीट वाचा. चहा, नाश्ता, गावरान जेवण, अनुभवी लीडर, सगळं ठळक. तळाला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'ट्रेक रद्द झाल्यास पैसे परत मिळणार नाहीत. पुढच्या तारखेला समायोजन'. माझ्या मते घळीत माणसं अडकवण्याचं निम्मं काम ही ओळ करते. लीडरला ढग दिसत नाही असं नाही. पण मागे तीस जण आहेत, प्रत्येकाने आधीच पैसे भरलेत, आणि शिखरावरचा फोटो नाही मिळाला तर सोमवारी एक तारा देणारे त्यातलेच पाच जण आहेत. खिंडीत मागे फिरणारा लीडर आपल्याला भित्रा वाटतो, आणि वर नेऊन भिजवून आणणारा 'दादा' होतो. एखाद्या गटाने उलट जाहिरात करून पाहावी: 'एकनंतर ढग दिसला तर अर्ध्यातून परत आणू, पैसे परत देऊ.' मी स्वतः नाव नोंदवतो. गुडघे परवानगी देतील तिथवर येईन.

तूर्त माझ्या मोबाइलवर येऊन पडलेली जाहिरात अशी: कोजागरी स्पेशल नाइट ट्रेक, चांदण्यात चंदेरी, शेकोटी, अंताक्षरी, केशरी मसाला दूध अनलिमिटेड. पावसाबद्दल एक ओळ आहे: 'सीझन संपल्याने रेनकोटची गरज नाही.'