पाटी नवी, पोल जुना

बदलाचं नेतृत्व कसं करावं हे शिकवणारी मंडळी हल्ली रत्नागिरीकडे वरचेवर वळू लागली आहेत. सकाळी मुंबईहून गाडीने उतरायचं, एसी हॉलच्या पडद्यावर बाण दाखवायचे, दुपारी सुरमई हाणायची, आणि 'इथल्या माणसाची मानसिकता बदलली पाहिजे' असं बजावून आंब्याच्या पेटीसकट संध्याकाळी परत. पडद्यावरचे बाण नेहमी डावीकडून निघतात आणि शेवटी न चुकता वर वळतात. खाली वळणारा बाण आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

सुरमईबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या जिल्ह्याने या विषयाची भलतीच महागडी शिकवणी लावून पाहिली, त्यालाच बालवर्गात बसवायचं म्हणजे जरा अतीच.

तसा आमचा अभ्यास जुना. १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश नावाच्या संस्थेचं विलीनीकरण केलं आणि तिथले सर्वोच्च अधिकारी थिबा राजे यांची रत्नागिरी शाखेत बदली केली. साहेबांचं क्वार्टर, म्हणजे तो राजवाडा, तयार व्हायला १९१० उजाडलं. १९१६ साली राजे वारले. बदलाशी जुळवून न घेणाऱ्या नेतृत्वाचं काय होतं, याचा एवढा मोठा नमुना गावात उभा आहे. कार्यशाळावाले तिथे जाऊन सेल्फी काढतात.

खरी शिकवणी लागली ती गुहागर तालुक्यात. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीचे पाहुणे आले आणि काही दिवसांतच राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार करून मोकळे झाले. आमच्याकडे सोयरिकीच्या बोलणीलाही याहून जास्त वेळ लागतो. कंपनीचं नाव ठेवलं दाभोळ पॉवर. प्रकल्प अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या अंगावर. दाभोळ राहिलं वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. म्हणजे नेतृत्वाचा पहिला धडा पहिल्याच दिवशी मिळाला: पाटी एका गावाची, खड्डा दुसऱ्या गावात.

दुसरा धडा प्रशिक्षणाचा. १९९५ साली कंपनीच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली की, भारतीयांना शिक्षित करणं आणि प्रकल्पाची बोलणी पुढे नेणं, एवढ्यावरच कंपनीचे सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. प्रकल्पाचा खर्च वेगळा. आता हे विद्यार्थी कोण, वर्ग कुठे भरायचा, प्रमाणपत्रं कुणाकुणाला मिळाली, याची यादी आजवर लागलेली नाही. लाच दिल्याचं कोर्टात कधी सिद्ध झालं नाही, म्हणून आपणही त्याला शिक्षणच म्हणू. मात्र त्या हजेरीपटावर अंजनवेलचं कुणी नसावं, असा आमचा दाट संशय आहे.

तिसरा धडा लवचीकतेचा, आणि तो आपल्याच माणसांनी गिरवून दाखवला. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याचं जाहीर केलं. सत्ता आली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही झाला. टाळ्या वाजून संपल्या न संपल्या, तोच फेरवाटाघाटी सुरू झाल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये बुडालेला प्रकल्प वर आला. बाहेर आला तो अंगाने भरून: आधी दोन्ही टप्पे मिळून २०१५ मेगावॉट होता, आता २१८४ झाला. समुद्राचं पाणी मानवलं म्हणायचं. त्याच वर्षी दिल्लीत वाजपेयींचं सरकार अवघे १३ दिवस टिकलं, पण जाता जाता या प्रकल्पाची हमी मंजूर करून गेलं. एरवी सातबाऱ्यावरची वारसनोंद व्हायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात, ते वाचकांना ठाऊक आहे. सरकारी यंत्रणा मंद असते असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

विरोध कसा हाताळावा, यावर कार्यशाळेत एक अख्खं सत्र असतं. त्यात 'संवाद' आणि 'विश्वास' हे शब्द फार येतात. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले, बायकांना मारहाण झाली, त्यांना घराबाहेर काढून गाडीत घातलं. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल काढला. त्या बायकांची मागणी खाडीची, मासळीची आणि पाण्याची होती. यावर विनोद करायची आमची इच्छा नाही. फक्त एवढंच सांगतो की एन्रॉनने जाहीर केलेल्या चार मूल्यांपैकी पहिलं 'आदर' होतं आणि तिसरं 'संवाद'. दुसरं सचोटी, चौथं उत्कृष्टता. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, ती मंडळाला परवडेना. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीचंच दिवाळं वाजलं. त्याआधी 'फॉर्च्यून' मासिकाने तिला सलग सहा वर्षं अमेरिकेतली सर्वांत नावीन्यपूर्ण कंपनी ठरवलं होतं. हिशेबाच्या वह्यांतलं नावीन्य त्यांना नंतर कळलं.

मग आलं पुनर्रचनेचं साल, २००५. ६ जूनला वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या: महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि या तिघींवर लक्ष ठेवणारी सूत्रधारी. जुलैत दाभोळचा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर झाला. पुढे गॅसच पुरेसा येईना, तेव्हा थोडीफार वीज रेल्वेला. २०१८ मध्ये गॅसची बाजू तोडून कोकण एलएनजी वेगळी काढली. भाऊबंदकीत घर वाटतात तशी ही वाटणी. फरक इतकाच की घराच्या वाटणीत निदान तुळस कुणाच्या अंगणात गेली हे कळतं. लाईट गेल्यावर आमचा माणूस आजही 'एमएसईबीला फोन लाव' असंच म्हणतो, आणि गुहागरची एसटी धरलेला माणूस उतरायचं ठिकाण 'एन्रॉन' सांगतो. मानसिकता बदललेली नाही, हे खरंच आहे.

मीटरचंही तेच. 'स्मार्ट प्रीपेड' म्हटल्यावर लोक बिथरले. जून २०२४ मध्ये, निवडणुका तोंडावर असताना, सामान्य ग्राहकांना हे मीटर बसवणार नाही असं जाहीर झालं. निवडणुका झाल्या आणि 'टीओडी' नावाचं मीटर दारात हजर. हे पोस्टपेड आहे, ते वेगळं होतं, असा खुलासा आहे. खुलासा आम्ही मान्य केला, कारण मीटर आधीच बसून गेलं होतं.

आता या सगळ्या नामकरणांत एक माणूस कुठेच सापडत नाही, तो म्हणजे वायरमन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड झोडपून काढलं, पोल काडीसारखे मोडले. जिथे ट्रक जात नाही तिथे पोल खांद्यावरून न्यावा लागतो. आठ-दहा माणसं, दोरखंड, पायाखाली निसरडा कातळ, मग भाताचा चिखल. पुढचा घसरला की मागच्याच्या खांद्यावर सगळं वजन. खड्ड्याला पहारीने हात-दीड हात खोदलं की जांभा लागतो. पोल उभा राहिला की एकजण झुल्यासकट वर चढतो, भिजलेल्या हातांनी तार ओढतो, खालचा डीपीपाशी ओरडतो, 'सोडू का रे?' वरून 'थांब!' आलं की थांबायचं. कोण काय करतोय, कोणाचा जीव कोणाच्या हातात आहे, कधी थांबायचं, हे सगळं त्या दोन शब्दांत ठरतं. यातले बरेचसे कंत्राटी. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर मंडळाचं नाव नसतं आणि चारही कंपन्यांचं नसतं; ठेकेदाराचं असतं, आणि ठेकेदार बदलतो. बदलाचा इतका नियमित अनुभव व्यवस्थापनाच्या कुठल्याही प्राध्यापकाला नसेल.

खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरचा लोखंडी पोल तळातून गंजतो. तो बदलावा असा अर्ज केला की उत्तर येतं, प्रस्ताव वर पाठवला आहे. तो पडद्यावरचा बाण वर कुठे जातो, हे आम्हाला इथे कळलं.

तेव्हा आयोजकांना नम्र विनंती. पुढची कार्यशाळा जुलैत ठेवा, मंडणगडच्या एखाद्या वाडीत, लाईट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. पडदा नको, तो भिजेल. मार्गदर्शक म्हणून कंत्राटी वायरमन बोलवा आणि दोन कोटी डॉलर नकोत, त्याला त्या दिवसाची हजेरी तेवढी द्या. सहभागी अधिकाऱ्यांनी पोलच्या जाड टोकाकडे उभं राहावं. सुरमईची सोय होणार नाही. जुलैत मासेमारी बंद असते.