सूर्याचे हिशेबतपासनीस

तात्यांनी आयुष्यात उधारी केली नाही, पत्त्यांना हात लावला नाही आणि कुणाच्या बेरजेवर विश्वास ठेवला नाही. सांगलीतल्या एका सहकारी बँकेत ते अंतर्गत हिशेबतपासनीस होते. त्यांची हिरव्या शाईची टीक दिसली की शाखाधिकाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला बँक उरली नाही, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. दुधाचं माप, सिलिंडरचं वजन, पेपरवाल्याचे खाडे. पण जीव जडला तो विजेच्या मीटरवर.

रोज पहाटे तात्या टॉर्च घेऊन मीटरपुढे उभे राहत. पोर्चचा दिवा लावला तर त्याचं युनिट कुणाच्या नावावर टाकायचं, म्हणून टॉर्च. शंभर युनिटांपर्यंत एक दर, त्यापुढे जवळजवळ दुप्पट आणि तीनशे ओलांडले की बोलायची सोय नाही. हे तक्ते त्यांना तोंडपाठ. महिन्याच्या पंधरवड्यातच घरात चौकशी बसे : एकशे एकावं युनिट कुणी जाळलं? काकू शांतपणे म्हणत, "मी. चटणी वाटली."

अशा माणसाच्या कानावर २०२४ च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' पडली. यातला 'मुफ्त' हा शब्द ऐकून तात्या खूश झाले असं कुणाला वाटेल. उलट ते सावध झाले. फुकट म्हटल्यावर त्यात मेख असणारच, आणि ती शोधून काढणं हे त्यांचं जन्मजात काम. एक जाडजूड वही आणली, मुखपृष्ठावर 'श्री' काढला आणि खाली 'सौर' असं लिहिलं.

पहिल्याच पानावर घोळ झाला. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार सबसिडी, तिसऱ्याला १८ हजार, मिळून जास्तीत जास्त ७८ हजार. आता एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतो. दोन किलोवॅट म्हणजे महिन्याला साधारण दोनशे चाळीस. घराचा वापर दोनशेच्या आसपास. म्हणजे दोन किलोवॅट पुरेसे होते आणि वही तिथेच मिटायला हवी होती. पण ते १८ हजार तात्यांना झोपू देईनात.

"सरकार देतंय ते सोडायचं म्हणजे नुकसानच की," ते म्हणाले.

"पण तिसऱ्या किलोवॅटला खर्च किती?" काकूंनी विचारलं. खर्च अर्थातच १८ हजारांच्या कितीतरी वर होता. तात्यांनी काकूंकडे असं काही पाहिलं की जणू त्यांनी लेखापरीक्षण अहवालावर भजी ठेवली. तीन किलोवॅट ठरले.

मग कोटेशनवाली पोरं येऊ लागली. गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक, तोंडात 'काका, टेन्शन घेऊ नका'. तात्या टेन्शन घेत नसत, देत असत. पॅनेल डीसीआर आहेत का, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतातच बनलेले आहेत का, हा पहिला प्रश्न. कारण त्याशिवाय सबसिडी नाही. अर्थिंगचे खड्डे किती? 'दोन' असं उत्तर देणारा तिथूनच परत गेला. एसीचं वेगळं, डीसीचं वेगळं आणि वीजरोधकाचं वेगळं, असे तीन हवेत. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत म्हणता? तात्या आत जाऊन फ्रिजवरचं चुंबक घेऊन येत, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, आणि प्रत्येक बोल्टला लावून पाहत. ज्याला स्ट्रॉबेरी चिकटली त्याचा कागद फाईलमधून बाद.

एका बिचाऱ्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "पॅनेलला पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे काका."

"पंचवीस वर्षं तुमची कंपनी राहील कशावरून?"

"काका, कंपनीचं सोडा, तुम्ही—" एवढं बोलून पोरगं थांबलं आणि काकूंनी दिलेलं सरबत एका दमात प्यायलं. मौज म्हणजे काम शेवटी त्यालाच मिळालं. खरं बोलता बोलता राहिलेला माणूस तात्यांना विश्वासू वाटला असावा.

अर्ज भरायला बसल्यावर आणखी एक उलगडा झाला. वीजजोडणी अजून तात्यांच्या वडिलांच्या नावावर. ते जाऊन तीसेक वर्षं झाली, पण ग्राहक म्हणून ठणठणीत होते आणि एकही बिल त्यांनी थकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या खात्यात वारसनोंद नाही म्हणून आयुष्यभर शेरे मारलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरी ही नोंद! अर्जदार, बिल आणि बँकखातं यांवरची नावं जुळल्याशिवाय पुढचं पान उघडेना. मग मृत्यूचा दाखला, सातबाऱ्याइतका जुना कर-उतारा, आणि ठाण्याच्या धाकट्या भावाचं नाहरकत पत्र. धाकट्यानं फोनवर विचारलं, "दादा, फक्त मीटरच नावावर करतोयस ना?" या एका प्रश्नावरून दोन भावांत गणपतीपासून दिवाळीपर्यंत बोलणं नव्हतं. भाऊबीजेला बहिणीनं दोघांना एका पाटावर बसवलं तेव्हा पत्रावर सही झाली. मंजूर भारही वाढवून घ्यावा लागला, पण तिथे भाऊ आडवा येत नव्हता, त्यामुळे ते पटकन झालं.

या खोळंब्याचा तात्यांनी सदुपयोग केला. त्यांना सावली मोजायची होती. गच्चीवर कुठे किती सावली पडते हे पावसाळ्यात पाहून काय उपयोग? सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तेव्हा सावली सर्वांत लांब पडते, म्हणून २१ डिसेंबरची वाट पाहिली. त्या दिवशी सकाळपासून तात्या गच्चीवर. डोक्याला मफलर, हातात खडू. दर तासाला पाण्याच्या टाकीची सावली आखायची, आत वेळ लिहायची, कोपऱ्यात सही करायची. संध्याकाळी गच्ची पाहिली तर तिथे कुणाचा तरी पंचनामा झालाय असं वाटत होतं.

दिशेचा प्रश्न वेगळाच निघाला. आपल्याकडे पॅनेलांचं तोंड दक्षिणेला हवं आणि कल अक्षांशाच्या जवळपास, सांगलीला सतरा अंश. याच तात्यांनी तरुणपणी सोन्यासारखा प्लॉट निव्वळ दक्षिणमुखी म्हणून नाकारला होता. यमाची दिशा नको म्हणाले होते. त्या प्लॉटवर आज कुणाचं तरी तीन मजली मंगल कार्यालय आहे. मेहुण्यानं मुद्दाम आठवण काढली. तात्या म्हणाले, "घराचं तोंड पूर्वेलाच आहे. हे डोकं आहे." यावर शास्त्रात काही नसल्यामुळे मेहुणा गप्प बसला.

गच्ची मात्र काकूंची होती. कुरडया, सांडगे, वाळवणाच्या मिरच्या, वर्षाची हळद, सगळं तिथेच. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते आणि त्यांची चांगलं ऊन येणारी जागा तेवढीच होती. यावर तात्यांनी स्वतःवर खूश होऊन तोडगा काढला : सांगाडा आठ फूट उंच करायचा, वर पॅनेल, खाली वाळवण. जास्तीच्या लोखंडाचे पैसे भरले. सहा पॅनेल चढली. काकूंनी खाली कुरडयांची पहिली चादर पसरली आणि संध्याकाळी ओल्याच कुरडया परातीत भरून तात्यांपुढे ठेवल्या. म्हणाल्या, "ऊन वरच संपतंय हो." आता काकू चादर घेऊन सांगाड्याच्या कडेकडेनं उन्हाच्या पट्ट्यामागे फिरतात. सूर्याचा मार्ग त्यांना तात्यांपेक्षा चांगला कळतो, पण त्यांची वही नाही.

बसवायचं काम दोन दिवसांत उरकलं आणि पुढे नेट मीटर येईपर्यंत सगळं बंद. तो येण्याआधी चालू केलं तर जुनं मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आपण वापरली म्हणून मोजू शकतं, हे तात्यांना माहीत होतं, त्यामुळे स्विचला हात लावायची छाती नव्हती. ते दिवस फार वाईट गेले. स्वच्छ ऊन पडलं की तात्यांचा चेहरा पडे. "आजची बारा गेली," असं म्हणत ते जेवायला बसत. आभाळ आलं की जरा दोन घास जास्त जात.

महाशिवरात्रीच्या सुमारास मीटर लागलं. नारळ फुटला. पोरानं तात्यांच्या मोबाइलवर ॲप घालून दिलं, आणि त्या घरातला निवांतपणा तिथे संपला. सकाळी शून्यापासून चढणारी, बाराच्या पुढेमागे टोक गाठणारी आणि संध्याकाळी उतरणारी रेघ त्या ॲपवर दिसते. तात्या ती रेघ जगतात. ढग आला की रेघेला खाच पडते; तात्या लगेच बाहेर येऊन वर बघतात आणि ढग कुठल्या दिशेनं आला याची नोंद करतात. दुपारी साडेतीनला शेजारच्या गुरुजींच्या माडाची एक झावळी शेवटच्या पॅनेलवर सावली टाकते. सावली एवढीशी, पण पॅनेल एका माळेत जोडलेली असल्यानं तिची झळ सगळ्या माळेला बसू शकते. तात्या छापील आलेख घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजींनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, "तात्या, माड माझ्या बापानं लावलाय. सूर्य कुणी लावलाय?" शेवटी करार झाला : खालच्या झावळ्या तात्यांच्या खर्चानं उतरवायच्या, नारळ गुरुजींचे, खराटे काकूंचे.

एप्रिलच्या शेवटी सांगली भाजून निघाली तेव्हा तात्यांना वाटलं, आता विक्रम होणार. झालं भलतंच. मार्चपेक्षा आकडा खाली आला. ऊन जास्त आणि युनिटं कमी, ही नोंद त्यांच्या नोकरीच्या काळात सापडती तर कॅशियर निलंबित झाला असता. पोरानं समजावलं की पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते; पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तीन-चार दशांश टक्क्यांनी ताकद घटते, आणि भर दुपारी काच साठीच्या वर तापते. तात्या टिनपाट भरून गच्चीवर निघाले होते. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकेल, हे ऐकून जिन्यातून परत आले. तेव्हापासून पॅनेल पहाटे धुतली जातात. कबुतरांच्या विष्ठेसाठी वहीत वेगळा रकाना आहे.

खरी फजिती झाली ती एका भर दुपारी, लाइट गेली तेव्हा. गल्लीत सगळ्यांचे पंखे थांबले. लोक मोठ्या आशेनं तात्यांच्या हॉलमध्ये जमले, दोघी बाळंत लेकींना घेऊन आल्या. तात्यांचाही पंखा बंद. बॅटरीशिवायचा ऑनग्रीड इन्व्हर्टर बाहेरची लाइन गेली की स्वतःही बंद पडतो, नाहीतर इकडची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेला वायरमन मरेल. तात्यांनी हे सगळं पुठ्ठ्यानं वारा घेत सविस्तर समजावून सांगितलं. गुरुजी म्हणाले, "म्हणजे सूर्य आहे, पॅनेल आहेत, सबसिडी आहे. वीज तेवढी नाही."

घरातही शिस्त आली होती. वॉशिंग मशीन अकरालाच, इस्त्री साडेबाराला, मिक्सर ढग पाहून. काकूंनी आठवडाभर ऐकलं. मग एका रात्री नऊ वाजता मशीन लावलं. तात्या धावत आले.

"तुम्हीच म्हणालात ना, दिवसा जास्तीची वीज बाहेर जमा होते आणि रात्री लागेल तेवढी परत मिळते? बँकेसारखं?"

"हो."

"मग ठेव काढतेय."

यावर उत्तर नव्हतं, कारण काकूंचं बरोबर होतं. युनिटाला युनिट वळतं होतं, दुपारचं काय नि रात्रीचं काय. पण ठेव काढणारा खातेदार तात्यांना कधीच आवडला नव्हता. बिल आता स्थिर आकारावर आलंय. दर महिन्याला ते दिव्याखाली धरून तात्या त्यात चूक शोधतात. ती सापडत नाही, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

शिल्लक मात्र साचत गेली. तिसऱ्या किलोवॅटचा हा प्रताप. मेख तिथेच होती, वहीच्या शेवटच्या पानावर. ही युनिटं ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढता येतात. मग उरल्यासुरल्याचे ठरलेल्या दरानं पैसे लावून खातं शून्यावर येतं, आणि तो दर आपण वीज घेताना मोजतो त्याच्या मानानं किरकोळ. पडीक भावानं विकण्यापेक्षा वापरून टाकलेलं बरं, असा हिशेब निघाला आणि मार्च उजाडताच तात्या ओळखू येईनात. "पंखा पाचवर ठेवा! गिझर लावा! गॅस कशाला, शेगडीवर करा की!" घरगुती चक्की आणली. गल्लीत निरोप गेला की ज्यांना गहू दळायचेत त्यांनी डबे पाठवावेत. इस्त्रीसाठी गुरुजींची धोतरं आली, वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या शर्टांचा ढीग आला. रात्री गच्चीवर लग्नघरासारखी माळ लावली. आयुष्यात प्रथमच त्यांनी मला आग्रहानं थांबवून घेतलं आणि एसीत बसवून थंडगार पन्हं पाजलं. काकू शाल पांघरून बसल्या होत्या.

एक एप्रिलला सकाळी मी पिठाचा डबा आणायला गेलो. हॉलमध्ये अंधार होता. बटणाकडे हात नेला, तर आतून आवाज आला, "राहू दे, राहू दे. नवं आर्थिक वर्ष सुरू झालंय."